कर्ण पुरे, आता शोणाला बोलू द्या

दोस्तहो, आपल्या कवितेत कर्ण फार झालाय.

चौदा एप्रिलच्या कुठल्याही काव्यवाचनाला जाऊन बसा. एक पोरगा उठतो, माईक धरतो आणि 'मी कर्ण' म्हणून सुरू होतो. दुसरा उठतो, त्याचाही कर्णच. तिसऱ्याच्या कर्णाचं चाक रुतलेलं. टाळ्या पडतात. मोबाईलच्या स्टेटसवर कर्ण, टेम्पोच्या पाठीवर सूर्यपुत्र. हा कर्ण व्यासाकडून आला म्हणाल तर तसंही नाही. व्यास वाचलाय कुणी? हा कर्ण आलाय शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधून. १९६७ साली ती कादंबरी निघाली. आजऱ्यात जन्मलेल्या, कोल्हापूरच्या शाळेत शिकवणाऱ्या, विशीतल्या एका मास्तराने ती लिहिली. तेव्हापासून वाड्यात असो की वस्तीत, ज्या घरात चार पुस्तकं आहेत त्या घरात त्यातलं एक बहुतेक 'मृत्युंजय' असतं.

आधीच सांगून टाकतो, ही कादंबरी मला आवडते. नुसती आवडत नाही, तिच्यासाठी मी भांडायला तयार आहे. पण माझं भांडण दोन्ही बाजूंशी आहे. 'पुराणातली वांगी आपल्याला काय करायचीत' असं म्हणून जे न वाचताच पुस्तक फेकतात, त्यांच्याशी आहे. आणि कर्णाची पालखी खांद्यावर घेऊन जे निघालेत, त्यांच्याशीही आहे.

पहिल्यांना मी विचारतो, बाबांनो, यात गोष्ट कोण सांगतंय ते तरी बघा. आपल्या मराठी कादंबरीत गोष्ट सांगणारा बहुतेक लेखकच. तो वर माळ्यावर बसतो, खाली बघतो, कोण कुणावर प्रेम करतो ते आपल्याला सांगतो. इथे लेखक बाजूला झाला. नऊ भाग, सहा तोंडं. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली बोलते, शोण बोलतो आणि शेवटी कृष्ण बोलतो. खुद्द देवाला 'मी' म्हणून उभं राहून जबानी द्यावी लागते. आणि यातला कर्ण तर मेलेला आहे. मेलेला माणूस उठून आपली हकिकत सांगतोय. सूर्य बाप, अंगाला जन्मतःच कवच, कानात कुंडलं, हा सगळा अद्भुताचा बाजार खराच. पण या बाजारात खरं अद्भुत एकच आहे : ज्याला बोलू दिलं नव्हतं तो बोलतोय. सावंतांच्या आठ वर्षं आधी, १९५९ साली, सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांनी 'ययाति'त हाच बेत केला होता. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, तिघांना आपापल्या तोंडाने बोलायला लावलं. पण तिथला प्रश्न राजाच्या वासनेचा. इथला प्रश्न जातीचा.

म्हणून आपली पोरं या पुस्तकाकडे ओढली जातात. भर रंगणात भीम कर्णाला म्हणतो, तू सूताचा पोर, चाबूक घे, तुझ्या कुळाला तेच शोभतं. हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. शब्द वेगळे असतील. कुणी शाळेत ऐकलं, कुणी इंटरव्ह्यूला, कुणी भाड्याने खोली बघायला गेल्यावर आडनाव सांगताच ऐकलं. तेव्हा वाचताना छातीत कळ येते, पोरगा म्हणतो, हा मीच. इथपर्यंत बरोबर आहे. पुढे घोळ आहे.

घोळ असा, की कर्ण सूतपुत्र नाहीच.

वाचणाऱ्याला हे पहिल्यापासून माहीत असतं. कुंतीला माहीत, सूर्याला माहीत, कृष्णाला माहीत. कर्णाचं तेज, त्याचा बाण, त्याचं दान, सगळ्यामागे एक कुजबुज चालू असते : अहो, हा मूळचा क्षत्रिय बरं का. आपण रडतो ते कशासाठी? सूताच्या पोराचा अपमान झाला म्हणून, की राजाच्या पोराला चुकून सूत समजले म्हणून? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या रडण्यात जातीवर घाव आहे. दुसऱ्या रडण्यात जात जागच्या जागी शाबूत आहे, फक्त एका माणसाचं पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलं म्हणून हळहळ आहे. खऱ्या सूताच्या पोराचा अपमान झाला असता तर चाललं असतं, असा त्याचा अर्थ होतो.

आणि ही युक्ती एका कर्णापुरती नाही, ही या देशाची जुनी खोड आहे. खालचा कुणी भारी निघाला की त्याचा जन्मदाखला बदलायचा. एकलव्य निषादाचा पोर, पण हरिवंशात जाऊन बघा, तिथे तो वसुदेवाच्या भावाचा, देवश्रव्याचा मुलगा, निषादांनी फक्त वाढवलेला. म्हणजे कृष्णाचाच चुलतभाऊ! कबीर विणकराच्या घरचा, तर त्याला म्हणे ब्राह्मण विधवेने जन्म दिला. रविदास चांभार, तर तो म्हणे गेल्या जन्मी ब्राह्मण होता आणि छाती चिरून आतलं जानवं दाखवलं. बघा, आपल्या माणसाची कातडी चिरली तरी आत यांचंच जानवं निघतं! हुशारी आपल्या रक्तात असूच शकत नाही, ती वरून गळलेली असली पाहिजे, हा त्यातला हिशेब. कर्ण हा या हिशेबाचा सगळ्यात देखणा नमुना आहे. देखणा आहे म्हणून जास्त घातक आहे.

आता औंधाचं सांगतो, कारण या सगळ्याची एक नाळ आमच्या भागात पुरलेली आहे.

औंध म्हणजे खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं गाव. एकेकाळी संस्थान होतं, पंतप्रतिनिधींचं. औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असं चार ठिकाणी फाटक्या गोधडीसारखं पसरलेलं. आज त्याचा काही भाग साताऱ्यात, काही सांगलीत, गुणदाळ कर्नाटकात. लोक तिथलं म्युझियम बघायला जातात, चित्रं बघतात, डोंगर चढून देवीला जातात. पण औंध हे महाभारताचंही गाव आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १९१८ साली औंधच्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले. १ एप्रिल १९१९ ला काम सुरू झालं. देशभरच्या साडेबाराशेवर पोथ्या गोळा करून, शब्दाला शब्द ताडून, मूळचं काय आणि मागाहून घुसडलेलं काय हे पंडितांनी निवडायला घेतलं. सुकथनकर त्यात खपले. १९६६ साली काम पुरं झालं. आणि इकडे औंधातच पंडित सातवळेकर स्वाध्याय मंडळ चालवत होते, महाभारत छापत होते, १९४८ पर्यंत ते औंधात होते.

राजा चित्रकार होता, चांगला माणूस होता, सूर्यनमस्कार घालायचा. १९३९ साली गांधींच्या सल्ल्याने त्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला, हेही खरं. मी त्याला शिव्या द्यायला बसलेलो नाही. मला गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटते.

त्या लाखातून सुरू झालेल्या कामातून निघालं काय? आपल्या पोरांच्या कवितेतला सगळ्यात गाजलेला प्रसंग कुठला? स्वयंवर. कर्ण धनुष्य उचलतो आणि द्रौपदी भर सभेत म्हणते, मी सूताला वरणार नाही. अर्ध्या कविता या एका वाक्यावर उभ्या आहेत. आणि चिकित्सक आवृत्तीवाल्यांनी नेमकं हेच वाक्य मूळ संहितेतून काढून तळटीपेत टाकलं! त्यांच्या मते ते मागाहून आलेलं आहे. म्हणजे ज्या जखमेवर आपण इतकं लिहिलं ती जखम नंतरच्या कुठल्या तरी सांगणाऱ्याने रंगवलेली. मग सभेतलं चाबकाचं वाक्य? ते राहिलं. ते मूळ संहितेत आहे. आणि त्याच्या लगेच आधीची, कुणाच्याच कवितेत न येणारी गोष्टही राहिली. कर्णाला नुकताच अंगदेशाचा राजा केलाय, डोक्यावर अभिषेकाचं पाणी अजून ओलं आहे, आणि म्हातारा अधिरथ घामाघूम होऊन, काठी टेकत, थरथरत रंगणात येतो. धनुष्य खाली ठेवून कर्ण ते ओलं डोकं सारथ्याच्या पायावर ठेवतो. सगळ्यांसमोर. चाबूक घे म्हणून भीम हसतो तो हे बघून.

द्रौपदीचा नकार पंडितांच्या चाळणीतून पडला, पण म्हाताऱ्याचा घाम नाही पडला. आपल्या कवींना मात्र नकार पाठ आहे, घाम माहीत नाही.

इथे सूत या शब्दाकडे जरा नीट बघू या. मला संस्कृत येत नाही. मी मराठी भाषांतरावरून बोलतो, ज्याला शहानिशा करायची त्याने करावी. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सूत म्हणजे क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई यांचं पोर. म्हणजे प्रतिलोम, उलट्या लग्नाचं. काम काय? घोडे आणि रथ. पण सूताचं आणखी एक काम आहे, गोष्ट सांगणं. अख्खं महाभारत आपल्याला कोण सांगतो? व्यासाने रचलं, वैशंपायनाने जनमेजयापुढे म्हटलं, हे सगळं ठीक. पण नैमिषारण्यात शौनकाच्या सत्रात, ऋषींच्या पुढ्यात बसून ते सांगतो तो उग्रश्रवा, लोमहर्षणाचा मुलगा, सौती. सौती म्हणजे सूताचा पोर! आणि लढाईची हकिकत आंधळ्या राजाला सांगणारा संजय कोण? तोही सूत, गवल्गणाचा मुलगा. गीताही आपल्यापर्यंत येते ती संजयाच्या तोंडून.

म्हणजे दोस्तहो, ज्याला धनुष्य धरायची परवानगी नव्हती त्याच जातीच्या तोंडून हा सगळा पसारा आला. सूताने राजांची गोष्ट सांगितली, ब्राह्मणांची सांगितली, देवांची सांगितली. लाखभर श्लोकांच्या या ढिगाऱ्यात त्याने स्वतःच्या घराची गोष्ट सांगितली नाही. त्याच्या बायकोचं नाव काय, पोरं काय खात होती, उन्हाळ्यात घोड्याला पाणी कुठून आणत होता, काही नाही. जीभ त्याची, गोष्ट मालकाची.

आणि त्या जिभेचं तरी काय झालं? भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे. बलराम फिरत फिरत नैमिषारण्यात आला. सगळे उठले, लोमहर्षण उठला नाही. तो कथा सांगायच्या आसनावर बसला होता, ब्राह्मणांपेक्षा वर. प्रतिलोमाचा पोर आणि एवढा चढून बसलाय, म्हणून बलरामाने दर्भाच्या टोकाने त्याला तिथंच मारलं. पुढे ऋषींनीच बलरामाला ऐकवलं, की हे आसन आम्हीच त्याला दिलं होतं. मग त्याच्या पोराला त्या जागी बसवलं. आपल्या गोष्टी सांगणाऱ्याच्या आसनाखाली हे असं रक्त आहे. कौटिल्याने तर आणखी सोपा मार्ग काढला. त्याने अर्थशास्त्रात लिहूनच टाकलं, की पुराण सांगणारा सूत निराळा आणि हा मिश्र जातीचा सूत निराळा. झालं! सांगणारा मोठा निघाला, बदला त्याचा दाखला.

आता 'मृत्युंजय' पुन्हा उघडा आणि शोणाचा भाग काढा.

शोण कर्णाचा धाकटा भाऊ. अधिरथ-राधेचा खरा, पोटचा पोर. मूळ महाभारतात कर्ण सापडल्यानंतर राधेला स्वतःची पोरं झाली एवढं येतं, पण त्या पोरांना कुणी बोलू दिलेलं नाही. सावंतांनी त्यातल्या एकाला उचललं, त्याला जीव दिला आणि तो 'मी' म्हणून बोलायला लागला. कर्ण हस्तिनापूरला निघाला तेव्हा रथामागून धावत सुटलेला तो लहानगा आठवा. सूर्य त्याचा बाप नाही. कवच नाही, कुंडलं नाहीत. कुठली राणी येऊन त्याला सांगणार नाही, की बाळा, तू माझा. त्याचा जन्मदाखला कुणीही बदलणार नाही. तो सूत आहे, सूतच मरणार आहे. आणि तो बोलतोय.

मला विचाराल तर या अख्ख्या कादंबरीत हीच खरी क्रांतीची जागा आहे. सावंतांनी ती क्रांती म्हणून केली की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. त्यांना कर्णाचं देऊळ बांधायचं होतं, ते त्यांनी बांधलं. पण देऊळ बांधताना एक दार उघडं राहिलं आणि त्यातून शोण आत आला. नैमिषारण्यातला सूत दुसऱ्याची गोष्ट सांगत राहिला. इथे सूत आपल्या घरातून बोलतो, आपल्या भावाबद्दल बोलतो. भाऊ मोठा होत जातो, लांब जातो, राजांच्यात बसतो, आणि मागे राहिलेला त्याच्याकडे बघतो. हे बघणं कर्णाला कधीच जमणार नाही, कारण कर्ण कायम स्वतःकडे बघत असतो.

कोण सांगतो याने काय फरक पडतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस गोदीत यावं. पोलादाची कॉइल आम्ही बांधतो, क्रेनला आम्ही लावतो, ट्रकवर आम्ही बसवतो. कागदावर टॅली क्लार्क लिहितो. माल त्याच्या हिशेबात चढतो. एकदा आमच्या टोळीतल्या एकाच्या पायावर साखळी आली. बोटं गेली. साखळी झिजलेली होती आणि आठवडाभर आम्ही सांगत होतो. रिपोर्ट ठेकेदाराच्या माणसाने लिहिला : कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. दोन शब्द. त्या दोन शब्दांत साखळी गायब, आठवडा गायब, आम्ही गायब. पाय मात्र ज्याचा गेला त्याचाच गेला. ज्याच्या हातात पेन त्याच्या बाजूने गोष्ट, हे मला कुठल्या टीकाकाराने शिकवलेलं नाही.

आणि आता औंध संस्थानाकडे परत येतो, कारण खरा शोण तिथंच जन्मला.

आटपाडी. औंध संस्थानातलंच गाव, आज सांगली जिल्ह्यात. १९२१ साली तिथल्या महारवाड्यात शंकरराव खरात जन्मले. बाप गावचा तराळ. म्हणजे वर्दी द्या, दवंडी पिटा, सरकारी माणसाचं सामान वाहा, मेलेलं ओढा. १९८१ साली त्यांचं आत्मचरित्र आलं, 'तराळ-अंतराळ'. त्यात एक विहीर आहे. विहिरीत प्रेत आहे. त्याची राखण तराळाने करायची. फौजदारी खात्याचा माणूस येतो आणि हुकूम सोडतो, की उतर खाली, काढ वर. बाप उतरतो. काठावर पोरगं उभं आहे, बघतंय.

हे दोन मेलेले शेजारी शेजारी ठेवा. 'मृत्युंजय'मधला मेलेला राजपुत्र आहे, तो उठून नितळ, अलंकारिक मराठीत आपली कैफियत सांगतो. खरातांच्या विहिरीतला मेलेला काही बोलत नाही. मेलेली माणसं बोलत नसतात. बोलतो तो प्रेत काढणाऱ्याचा पोरगा. ज्या राजाने महाभारतासाठी लाख रुपये देऊ केले त्याच राजाच्या मुलुखात हा पोरगा वाढला. पोथीत शुद्ध पाठ कुठला, हे पुण्यात बसून ठरत होतं. दोरीला धरून खाली कोण उतरणार, हे आटपाडीत ठरलेलंच होतं. तिथे पाठभेद नव्हता. हा पोरगा पुढे वकील झाला, 'प्रबुद्ध भारत'चा संपादक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावला साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्याला कुणी कुंती भेटली नाही. त्याने कुणाकडे दुसरा जन्मदाखला मागितला नाही. आपल्या आत्मचरित्राच्या नावात त्याने बापाचं काम लिहिलं : तराळ. कर्णाने अभिषेकाचं ओलं डोकं अधिरथाच्या पायावर ठेवलं, त्याच तोलाची ही गोष्ट आहे.

औंधच्या राजघराण्याचं नावच प्रतिनिधी. छान शब्द आहे. आपल्या वतीने दुसरा कुणी उभा राहतो तो प्रतिनिधी. साहित्यातही आपले पुष्कळ प्रतिनिधी होऊन गेले. दयाळू, कनवाळू, डोळ्यांत पाणी आणून आपल्यावर लिहिणारे. कर्ण हाही आपला प्रतिनिधीच, क्षत्रिय मतदारसंघातून निवडून आलेला. आम्हाला तो नको. आम्ही स्वतः हजर आहोत.

आता एक कडू घास. कर्णाचे भक्त इथं नेहमी पान उलटतात, मी उलटू देणार नाही. द्यूतसभेत द्रौपदी विचारते, हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा काय हक्क? सगळे म्हातारे गप्प. कौरवांतला विकर्ण तेवढा उठून म्हणतो, हिचं बरोबर आहे. त्याला गप्प बसवतो तो कर्ण. तिला वेश्या म्हणतो तो कर्ण. वस्त्रं फेडा असं दुःशासनाला सांगतो तो कर्ण. महाभारतात हे आहे, कुणाला खोटं वाटलं तर सभापर्व काढावं. १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दोन बौद्ध बायांची विटंबना झाली, तेव्हा आपल्या आधीची पोरं पेटून उठली, पँथर झाली. २००६ साली खैरलांजी झालं तेव्हा आपण रस्त्यावर होतो की नाही? मग सभेत बाईची वस्त्रं फेडा म्हणणारा आपल्या कवितेचा नायक कसा काय? अपमान झालेला माणूस दुसऱ्याचा अपमान करायला मोकळा होत नाही. उलट त्याच्यावर जास्त जबाबदारी असते.

आणि बघा, 'मृत्युंजय'च्या सहा तोंडांत द्रौपदीचं तोंड नाही. राधेचंही नाही. जी एकदाच येऊन नदीत पेटी सोडून गेली तिला भाग दिला. जिने ती पेटी उघडली, त्या पोराचं हगणं-मुतणं काढलं, तिला नाही. हगण्या-मुतण्याचं मी पदरचं घालत नाही. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो, की तू कुंतीचा, चल, राज्य तुझं, पाचही भाऊ तुझे पाय धरतील. तेव्हा कर्ण हेच कारण देतो : राधेने माझी घाण काढली, मला बघून तिला पान्हा फुटला, अधिरथाने माझी लग्नं लावून दिली, माझी पोरं-नातवंडं सूतांत आहेत. राज्यासाठी मी हे नातं तोडणार नाही. त्याने दुर्योधनाचं मीठही मोजलं, ते असो. पण जातीच्या शिडीवर वर चढायची संधी हातात आली असताना 'मला नको, मी खालच्यांचा' म्हणणारा हा कर्ण, एवढाच कर्ण मला मान्य आहे. आणि बघा, त्याचं मोठेपण सूर्याकडून आलेलं नाही. ते राधेच्या घरातलं आहे. शोणाच्या घरातलं.

यावर कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' लिहून शूद्र मूळचे क्षत्रिय होते असं मांडलं की! मांडलं. पण कशासाठी? आम्हाला आमचा मुकुट परत द्या म्हणून नव्हे. ही उतरंड देवाने घडवली नाही, माणसांनी भांडणातून, सूडातून घडवली, म्हणून माणसांना ती मोडता येते, हे दाखवण्यासाठी. ते पुस्तक त्यांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केलं. आणि दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात त्यांनी काय केलं? चांगला जन्म मागितला नाही. जन्मावर माणूस तोलणारा धर्मच सोडला. आपण त्या माणसाची लेकरं. आपण कवितेत पुन्हा 'मी मूळचा सूर्यपुत्र' म्हणत कुंतीच्या दारात जाऊन बसायचं? लाज वाटू द्या.

मराठीतल्या पुस्तकांची नावं बघा. शिरवाडकरांनी १९५३ साली नाटक लिहिलं, 'कौंतेय'. रणजित देसाईंनी १९७३ साली कादंबरी लिहिली, 'राधेय'. मधे सावंतांचा 'मृत्युंजय'. कुंतीचा, राधेचा आणि मरणाला जिंकणारा. तिन्ही नावं एकाच माणसाची. अधिरथाच्या नावाचं पुस्तक कुठाय? शोणाच्या? अंगणात घोड्याचा खरारा करणाऱ्याच्या, चाकाला वंगण घालणाऱ्याच्या? चाक रुतलं म्हणून कर्ण रडला. ते चाक रोज साफ कोण करत होता?

म्हणून म्हणतो, 'मृत्युंजय' वाचा. ज्यांनी वाचली नाही त्यांनी वाचा, ज्यांनी वाचली त्यांनी शोणाचा भाग पुन्हा वाचा. मग 'तराळ-अंतराळ' वाचा. दोन्ही पुस्तकं एकाच कट्ट्यावर, एकामागोमाग. पहिल्यात सूताचा पोर कुणाच्या तरी कल्पनेतून बोलतो, दुसऱ्यात आपल्या हाडामासातून बोलतो. आणि मग लिहायला बसा. अद्भुत लिहायचं असेल तर तेही लिहा. आपण फक्त भूक आणि गटारच लिहावं असा कुणी ठेका दिलेला नाही. आपल्याही आज्यांच्या गोष्टीत भुतं बोलत होती, म्हशी बोलत होत्या, आसरा विहिरीतून वर येत होत्या. विहिरीला बोलवा. आटपाडीच्या त्या दोरीला बोलवा. राधेला बोलवा, तिचा दहावा भाग कुणी लिहिलेला नाही, तो लिहा. सांगणारा कितीही विचित्र असू द्या, दगड असू द्या. फक्त त्याच्या पोटात एखादा राजपुत्र लपवून ठेवू नका.

लोमहर्षणाला आसनावर बसला म्हणून मारलं. आसन अजून तिथंच आहे. आपण उठायचं नाही.

जय भीम.